गिरणगावात पाय रोवताना : गाळा, खानावळ, भिशी आणि गावमंडळ

सातचा भोंगा

गिरणगाव म्हटलं की आपल्याकडे चर्चा थेट 18 जानेवारी 1982ला, म्हणजे गिरणी संपाच्या पहिल्या दिवशी, सुरू होते आणि मॉलपाशी येऊन थांबते. त्याआधी सव्वाशे वर्षं (कावसजी दावर यांची पहिली गिरणी 1854ची, ताडदेवला तिचं काम सुरू झालं 1856 साली) रत्नागिरी, सातारा, कुलाबा (आजचा रायगड जिल्हा), पुणे, नगरकडून माणसं येत राहिली आणि शहरात टिकली. सरकारी वसतिगृह नव्हतं, बँक दारात उभं करत नव्हती, नोकरीची जाहिरात निघत नव्हती. मग टिकली कशाच्या जोरावर? या धाग्यात ती व्यवस्था उलगडून बघू. गहिवर बाजूला ठेवू. कोण कोणाला काय देत होतं, परत कधी घेत होतं आणि गाडं कुठे अडायचं, एवढंच लिहा.

सुरुवात मी करतो.

नवख्याला मुंबईला कधी आणायचं याचाही हिशोब असे. शिमगा झाला की जुने कामगार गावी निघत. लग्नसराई, जत्रा, घरं शाकारणं, शेताची भाजावळ. त्या दोन-अडीच महिन्यांत गिरणीत खाडे सर्वांत जास्त, म्हणजे बदलीच्या, गैरहजर कामगाराऐवजी रोजावर लागण्याच्या, जागाही तेव्हाच जास्त. कोकणातल्यांना शिवाय बोटीचं गणित होतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद असे, त्यामुळे मृगाच्या आधी जो मुंबईला उतरला नाही तो नारळी पौर्णिमेनंतरच येणार. घाटावरचा माणूस या बाबतीत मोकळा होता. त्याला रेल्वे बारमाही.

उतरल्यावर पहिला मुक्काम गाळ्यात, म्हणजे एकाच गावच्या किंवा वाडीच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोलीत. साधारण दहा फूट बाय बारा फूट, कोपऱ्यात मोरी, नळ आणि संडास मजल्याला सामाईक. त्यात दहा-पंधरा माणसं, कुठे त्याहून जास्त. प्रत्येकाला एक पेटी, एक खुंटी आणि वळकटी ठेवण्यापुरती भिंत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रात्रपाळी सर्रास झाली, तेव्हा तीच जागा तीनदा वापरली जाऊ लागली. सकाळची पाळी बाहेर पडली की रात्रपाळीवाला आडवा. म्हणून गाळ्यात माणसं घेताना पाळी बघितली जाई. सगळे एकाच पाळीचे आले तर झोपायला गॅलरी, गच्ची किंवा फुटपाथ.

नवख्याचं भाडं पहिला पगार होईपर्यंत बाकीचे वाटून घेत. ही काही दया नव्हती. आज ज्याचं भाडं सोसलं तो उद्या माझ्या भाच्याचं सोसणार, हे गृहीत होतं. आणि तो पळाला तर गावात त्याचं घर, शेत, आईबाप होतेच.

आता कळीचा आकडा. गिरणीत पगार महिन्याचा आणि तोही मागून. 1936च्या वेतन कायद्यानुसार हजाराच्या वर कामगार असलेल्या कारखान्याला पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मुदत, आणि गिरण्यांत कामगार हजारांनी. म्हणजे एक तारखेला लागलेल्याच्या हातात पहिला पैसा चाळीस दिवसांनी. बदलीवाल्याला त्यातही भरलेल्या दिवसांचेच. हे चाळीस दिवस कोण खाऊ घालणार, या एका प्रश्नाभोवती गाळा, खानावळ, वाण्याची उधारी आणि जॉबरचा (माणसं भरणाऱ्या मुकादमाचा) शब्द हे सगळं उभं होतं.

बाकीच्यांनी भर घाला.

घाटमाथा

छान धागा. जॉबरबद्दल लिहितो, कारण तो नुसता मुकादम म्हणून सांगितला जातो आणि तिथेच चुकतं.

जॉबर खात्यात माणसं भरायचा, काढायचा, रजा द्यायचा, साचा (कापड विणायचा माग) बिघडला तर दुरुस्तही करायचा. भरतीला दस्तुरी, म्हणजे नोकरी लावल्याचे पैसे, घ्यायचा. पण त्याची खरी सत्ता गिरणीच्या दाराबाहेर होती. कित्येक जॉबरांच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या असत, खानावळीत किंवा वाण्याच्या दुकानात हात असे, आणि सावकाराकडे जामीन राहायला तोच. नवख्याला चाळीस दिवसांची उधारी मिळे ती "हा अमक्या जॉबरचा माणूस" या ओळखीवर. त्याच्याशी बिनसलं की नोकरी, खोली आणि किराणा एकदमच तुटे.

मात्र जॉबरलाही हे एकतर्फी चालवता येत नसे. त्याला रोज सकाळी ठरावीक साचे चालू ठेवायला माणसं हजर लागत. गावच्या पोरांना दोनदा डावललं तर तीच टोळी दुसऱ्या जॉबरकडे. म्हणून तो तालमीला पैसे देई, गणपतीला, गोविंदाला वर्गणी देई, वस्तीतल्या भांडणात मध्यस्थी करी. वस्तीतलं वजन हेच त्याचं भांडवल.

1929-31च्या व्हिटली आयोगानं जॉबरच्या हातातली भरती काढून घ्या असं सुचवलं. मुंबईत 1935 पासून बदली नियंत्रण आलं. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना बदलीचं कार्ड, रोज सकाळी दारावर हजेरी, आणि रिकामी जागा कार्डवाल्यालाच. कागदावर जॉबर बाजूला झाला. प्रत्यक्षात कार्ड कोणाला द्यायचं यात त्याचा शब्द बरीच वर्षं चालला. तरी फरक पडलाच. कार्ड एकदा हातात आलं की कामगार दुसऱ्या जॉबरपुढे, युनियनपुढे, लेबर ऑफिसरपुढे स्वतःच्या नावानं उभा राहू शकत होता.

बावनखणी

खानावळीचा हिशोब कोणी सविस्तर सांगेल का? महिन्याचा दर ठरलेला असे की ताटावर? आणि गावी गेल्यावर पैसे कापत का?

परळची काकी

बावनखणी, महिन्याचा दर. ताटावर पैसे पाहुण्याचे.

खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. ज्या बाईकडे खोली, चूल आणि वाण्याचं खातं आहे ती दहा-पंधरा-वीस माणसांना दोन वेळ जेवू घाली. बहुतेकदा तिचा नवरा गिरणीतच, किंवा ती विधवा. जेवणारे शक्यतो तिच्याच मुलखातले, कारण चव. मालवणी माणसाला घाटावरचं कालवण चालत नसे आणि घाटावरच्याला दोन्ही वेळचा भात. रात्रपाळीवाल्याचा डबा भरायचा, दुपारपाळीवाल्याचं ताट मध्यरात्रीपर्यंत झाकून ठेवायचं. म्हणजे तीन पाळ्या आल्यावर बाईचा दिवस संपेनासाच झाला.

खाड्याचा नियम असा की आधी सांगून गावी गेलास तर दिवस वजा, न सांगता गेलास तर नाही. एखाद-दुसरी वेळ चुकली तर काहीच वजा नाही. याचं कारण साधं आहे. किराणा महिन्याचा भरलेला असतो, वाणी काही परत घेत नाही.

पैसे येत दहा तारखेनंतर. बाई मात्र पहिल्या दिवसापासून उधारीवर सामान आणे. तिचं सगळं खेळतं भांडवल म्हणजे वाण्याची वही, आणि त्या वहीत रोखीपेक्षा चढा भाव. ही व्यवस्था संपात फुटे. पगार बंद, जेवणारे तेच, आणि त्यांना उठवायचं कसं? गावचे, नात्यातले. 1973-74च्या लांबलेल्या संपात या बायकांनी माणसं पोसली आणि स्वतः कर्जात रुतल्या. त्यातूनच प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट करायचे, गटानं एकमेकींची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी छोटं कर्ज काढायचं. वाण्याच्या वहीतून बाई बँकेच्या पासबुकात आली, तेही स्वतःच्या नावानं. गिरणगावातल्या शंभर वर्षांत मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो. इतिहासात त्याला दोन ओळी मिळतात, ते सोडा.

सातचा भोंगा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये सगळे "माणूस" पुरुष आहेत. 1920च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः रीळ आणि कांडी भरण्याच्या खात्यांत. त्यांची भरती नायकीण करायची, दस्तुरीही तीच घ्यायची. पुढे ही संख्या घटत गेली. नवी यंत्रं पहिल्यांदा त्यांच्याच खात्यांत आली, रात्रीच्या कामाला बंदी होती, आणि 1929चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आल्यावर मालकांना बायका नकोशा झाल्या. एकट्या बाईला गाळ्यात जागा नव्हती, गावमंडळात मत नव्हतं. खानावळ हीच तिची वाट.

वहीखाते

भिशीवर. आजही नालासोपारा-दिव्यात हीच चालते, म्हणून नीट लिहितो.

दोन प्रकार. चिठ्ठीची भिशी: समजा वीस माणसं, दरमहा प्रत्येकी दहा रुपये, म्हणजे दर महिन्याला दोनशे. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला दोनशे, वीस महिन्यांत प्रत्येकाला एकदा. यात व्याज नाही. लवकर लागली तर बिनव्याजी कर्ज, उशिरा लागली तर सक्तीची बचत. दुसरी लिलावाची: ज्याला निकड आहे तो कमी घेऊन उचलतो. दोनशेची भिशी कोणी एकशे सत्तरला उचलली तर उरलेले तीस वीस जणांत दीड-दीड रुपया वाटले जातात. घर शाकारायचं, लग्न, बैल, कोर्टकचेरी, यासाठी लिलावाची सोयीची. सावकाराचा दर आणि पठाणाची काठी टाळायला हाच एक मार्ग होता.

चिठ्ठी पगाराच्या लगतच्या रविवारी. त्या आधी पैसे जमत नाहीत आणि नंतर उरत नाहीत.

बुडते कशी? लवकर उचलणारा गावी जातो आणि परतत नाही. त्यावर उपाय ठरलेले होते. नवख्याला पहिल्या दहा चिठ्ठ्यांत धरायचं नाही. उचलणाऱ्याला भिशीतलाच एक जामीन, आणि तो जामीन अजून न उचललेला हवा. हे शेवटचं कलम लोक विसरतात. दोघांनीही उचलली असेल तर जामीन नावाचाच. चालवणारा एक तर पहिली घेतो किंवा शेवटची. पहिली घेत असेल तर तुटीची जबाबदारी त्याची, हे वहीत लिहून सही घ्यायची.

आणि संपात? संपात भिशी थांबवायची असते, मोडायची नसते. वहीत रेघ मारायची, कोण किती भरलं ते लिहायचं, काम सुरू झाल्यावर पुढे. 1982 नंतर कित्येकांचं काम सुरूच झालं नाही, म्हणून असंख्य वह्या त्या रेघेपाशी थांबल्या.

(अवांतर: आज वीस-पंचवीस हजारांच्या भिश्या व्हॉट्सॅपवर चालतात. त्या 1982च्या चिट फंड कायद्याच्या नोंदणीबाहेर असतात, त्यामुळे बुडाल्यावर वसुलीसाठी हातात कागद नसतो. निदान वही आणि सह्या ठेवा.)

धोटा

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण अजून कोणी जात लिहिलेली नाही आणि जात सोडून ही व्यवस्था समजणारच नाही.

साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त. तिथे महार-चांभार-मांग कामगाराला प्रवेश नव्हता. कारण देत ते असं: धोट्यात (मागावर आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी नळ्यात) दोऱ्याची नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून बाहेर काढत. तोच धोटा पुढच्या पाळीवाला तोंडाला लावणार. म्हणून "यांचा हात नको". त्यामुळे दलित कामगार मुख्यतः रिंगखात्यात (सूतकताईत), कमी मजुरीवर. 1928चा मोठा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या नेत्यांपुढे आग्रहानं मांडला. संप सगळ्यांनी करायचा आणि साचे मात्र काहींसाठीच, हे चालणार नाही. या बंदीचं मूळ मालकाच्या नियमात नव्हतं, सवर्ण कामगारांच्या आग्रहात होतं, आणि भरती जॉबरच्या गावकीतून होत होती म्हणून तो आग्रह टिकला.

म्हणजे ज्या ओळखीनं एकाला दार उघडलं, त्याच ओळखीनं दुसऱ्याला बंद ठेवलं. गाळाही तसाच. गावचा गाळा म्हणजे गावातल्या सगळ्यांचा कधीच नव्हता. वाडीचा, भावकीचा होता. खानावळ तर विचारूच नका.

दलित स्थलांतरितांनी मग स्वतःची साधनं उभी केली. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या (बीआयटी) आणि बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या (बीडीडी) चाळींत सरकारी मालकी असल्यामुळे खासगी मालकाच्या तुलनेत खोली मिळणं शक्य होतं. आंबेडकर स्वतः परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षं राहिले. समता सैनिक दल, 1936चा स्वतंत्र मजूर पक्ष, जलसे, वाचनालयं, पुढे बुद्धविहार. आंबेडकरी जलसा हा करमणुकीचा कार्यक्रम समजू नका. निरक्षर वस्तीत सभेचा निरोप, कायद्याची बातमी आणि वर्गणी या तिन्ही गोष्टी त्यातून होत.

घाटमाथा

धोटा, मुद्दा मान्य, पण थोडी पुस्ती. नुसती शिवाशिव हे कारण धरलं तर गोष्ट अर्धी राहते. साचेखात्यातल्या जागा आपल्या माणसांसाठी राखायच्या होत्या, आणि मजुरीत फरक मोठा होता. शिवाशिवीचं कारण सोयीचं होतं. मदनपुऱ्यातले उत्तर प्रदेशी जुलाहे पिढीजात विणकर, त्यांनाही साचेखात्यात जागा मिळाली ती आपापल्या जॉबरांमार्फतच.

धोटा

जागा राखायच्या होत्याच. पण राखायला जातीशिवाय दुसरं कुंपण तितकं स्वस्त पडलं नसतं. तोंडानं दोरा ओढायची पद्धत बदलणं अवघड नव्हतं, हातानं ओढता येणारे धोटे होतेच. बदललं नाही कारण बदलायचं नव्हतं.

तळकोकणी

आता गावमंडळ. "अमुकतमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई" अशी पाटी असलेली. कोकणातल्या कित्येक गावांना आणि वाड्यांना असं मंडळ आहे. काहींची वाडीवार दोन-तीन.

रचना ठरलेली: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, दोन हिशेबनीस. मासिक सभा पगारानंतरच्या पहिल्या रविवारी, गावाच्या खोलीत. वर्गणी सगळ्यांना सारखी, मग तो जॉबर असो वा झाडूवाला. गैरहजर राहिल्यास दंड. हा दंड पैशासाठी नसतो. वर्गणी कोणाकरवीही पाठवता येते, पण समोर बसलेल्या माणसाकडूनच कळतं की कोणाच्या गिरणीत जागा आहे, कोण आजारी आहे, कोणाचं पोर सातवी झालं.

खर्चाचे क्रम असे: मयत पहिली. मुंबईत गेलेल्याचं सामान, लाकडं, गावी तार, विधवेला आणि पोरांना घरी पोचवायचं भाडं. मग आजाऱ्याचं गावी जाण्याचं भाडं. त्यानंतर गावची शाळा, विहीर, साकव, देऊळ. कोकणातल्या कित्येक शाळांच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचा, देणगीदार म्हणून मुंबई मंडळच दिसेल.

सांस्कृतिक बाजू लोक सणवार म्हणून सोडून देतात. तसं नाही. भजनी मंडळाला पखवाज, पेटी, चकवा, टाळांच्या आठ-दहा जोड्या आणि बसायला जागा लागते. मंडळाचं भजन ज्या चाळीत बसतं तिथे गाळेवाल्या बिऱ्हाडांना कुटुंबवाले शेजारी मान्य करतात. एरवी बायकामुलांच्या मजल्यावर पंधरा सडे पुरुष कोणाला हवे असतात? म्हणजे भजन हा चाळीतला जामीन होता. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर आले की दोन गावांची चाळीचाळीत ओळख होई. शक्ती-तुरा, नमन, जाखडी, दशावतार यांची तीच गोष्ट. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांनी स्वतः लिहिलेली, स्वतः केलेली नाटकं लागत. तो हॉल सोशल सर्व्हिस लीगचा, आणि लीग ना. म. जोशींनी 1911 साली काढलेली. रात्रशाळा, वाचनालयं त्यांचीच. दिवसा साच्यावर आणि रात्री शाळेत, असे मॅट्रिक झालेले लोक मग गिरणीच्या ऑफिसात, पोस्टात, बेस्टमध्ये गेले आणि त्यांनी मंडळाच्या वह्या सुधारल्या.

गणेशोत्सवात तर वस्तीचा हक्कच मांडला जाई. लालबागच्या पेरू चाळीचा बाजार बंद झाल्यावर कोळी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, आणि 1934 साली तिथे गणपती बसला. बाजाराची जागा मिळाली हा त्यातला मुख्य भाग. देवाच्या नावानं जमलेली वर्गणी आणि माणसं नगरपालिकेपुढे उभी करता येत.

धोटा

तळकोकणी, शाहिरीही जोडा. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आलेले, मातंग, गिरणीत आणि मिळेल ते काम केलेले. त्यांना कुठलं गावमंडळ जागा देणार होतं? गळा आणि डफ हेच भांडवल. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तिथे मुसलमान, मातंग, कोकणी एकाच मंचावर आले, जे गाळ्यात कधी झालं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच शाहिरी गिरणगावानं डोक्यावर घेतली आणि "मुंबई कोणाची" या प्रश्नाचं उत्तर परगावाहून आलेल्या कामगारानं दिलं.

सातचा भोंगा

सगळ्यांनीच फार मोलाची भर घातली. आता एक निरीक्षण, त्यावर वाद घाला. ओळखीनं माणूस आत येतो, पण कायम होतो तो ओळख कागदावर आली की. दोन उदाहरणं गिरणीबाहेरची.

डबेवाले मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावचे. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरुवात केली. टोळी, तिचा मुकादम, आणि टोळीत शिरायला जागा विकत घ्यावी लागते. कमाई टोळीत सारखी वाटतात. 1956 साली त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला. रेल्वेशी, पोलिसांशी बोलायला नाव मिळालं, पण आत येण्याची वाट अजूनही त्याच तालुक्यांतून.

माथाडींनी एक पाऊल पुढे टाकलं. साताऱ्याकडच्या हमालांच्या टोळ्याही अशाच गावच्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर 1969चा माथाडी कायदा आला आणि टोळी माथाडी मंडळाकडे नोंदवली जाऊ लागली. मजुरी व्यापाऱ्यानं मंडळात भरायची, मंडळानं कामगाराला द्यायची, वर लेव्ही, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मुकादम राहिला, पण पगाराची पिशवी त्याच्या हातातून गेली. गिरणीत जॉबर हटवायला जे कार्ड कमी पडलं ते इथे जमलं, कारण भरतीपेक्षा पैशाची वाट बदलली.

बावनखणी

एक चालू प्रश्न विचारते. नायगावला एका मंडळाची "गावाची खोली" आहे, चाळ पुनर्विकासात गेली आहे. भाड्याची पावती साठ वर्षांपूर्वीच्या एका गृहस्थाच्या नावावर. नवी जागा कोणाला मिळते?

वहीखाते

पावतीवाल्याच्या वारसाला. आणि हाच सगळ्यात मोठा घोटाळा आहे, म्हणून सविस्तर.

गाळा घेताना मालक पावती एकाच्या नावावर करी, मंडळाच्या नावावर नाही. भाडं वर्षानुवर्षं वर्गणीतून गेलं तरी कायद्याच्या नजरेत भाडेकरू एकच. भाडे नियंत्रण कायदा, 1947चा जुना असो की 1999चा, भाडेकरू वारल्यावर हक्क देतो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला. मंडळाचं नाव कुठेच येत नाही. जोवर खोली दहा बाय बाराची होती तोवर कोणी भांडलं नाही. बीडीडीत 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर मिळू लागल्यावर वारस जागे झाले.

करता येण्यासारखं, क्रमानं. जुन्या वह्या शोधा: भाड्याची नोंद, सभेचे ठराव, खोलीच्या दुरुस्तीचा खर्च. पावतीवाल्याचा किंवा त्याच्या वारसाचा "खोली मंडळाची आहे" असा कोणताही लेखी कबुलीजबाब सापडला तर त्याची किंमत फार. मग वारसाशी समझोता: बहुतेक मंडळं नव्या घराच्या बदल्यात ठरावीक रक्कम किंवा काही वर्षांच्या वापराचा हक्क घेऊन मोकळी होतात. करार नोंदणीकृत हवा, नुसता पाचशेच्या स्टॅम्पवर नको. मात्र पुनर्विकासात मिळालेलं घर ठरावीक वर्षं विकता-हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे "घर आता मंडळाच्या नावावर करून देतो" असं वचन घेऊ नका, ते पाळता येणार नाही. पात्रता यादी अंतिम होण्याआधी वकील गाठा. यादी लागल्यावर हरकतीला दिवस मोजकेच असतात.

तळकोकणी

याला जोडून: मंडळ नोंदवलेलं आहे का ते आधी बघा. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. मंडळं नोंदतात आणि विसरतात. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. पंचवीस वर्षं तो दिलेला नसतो, परिशिष्ट एकवर (धर्मादाय नोंदीच्या उताऱ्यावर) चारही विश्वस्त वारलेले, आणि बँक सही मानत नाही. मग प्रत्येक कार्यकारिणीचा अर्ज उशिराच्या माफीच्या विनंतीसह एकेक करून भरावा लागतो. सभेची नोटीस, हजेरीपट, ठराव हे तिन्ही प्रत्येक बदलाला जोडा. नोटीस सापडत नाही हेच सर्वांत जास्त वेळा घडतं. हिशोबतपासणी दरवर्षी.

धोटा

आणि दंडाच्या नियमाला सीमा घाला. वर्गणी न देणाऱ्याला मयतीला जायचं नाही, पाणवठा बंद, लग्नात मान नाही, असे ठराव मुंबईत बसून करणारी मंडळं अजून आहेत. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2017 पासून लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सभेत बहिष्काराच्या बाजूनं मत देणाराही त्यात येतो. थकबाकीसाठी सभासदत्व रद्द करता येतं, गावातलं जगणं नाही.

परळची काकी

घटनेत बदल करायलाच बसलात तर सभासदत्व "घरटी एक पुरुष" असं लिहिलेलं कलम आधी काढा. नुसतं "प्रौढ व्यक्ती" लिहून चालत नाही, वर्गणी घरटीच राहिली तर नाव पुरुषाचंच येतं. वर्गणी माणशी करा, विधवेला आणि माहेरवाशिणीला स्वतंत्र सभासदत्व द्या.

घाटमाथा

म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी कागद गोळा करणारे हा धागा वाचत असतील तर: अट 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याची. पुरावा म्हणून ओळखपत्र, तिकीट नंबरची प्रत, सेवा प्रमाणपत्र, लाल पास, हजेरीपत्रक, रजा नोंदवही, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंड किंवा ईएसआय क्रमांक, ग्रॅच्युइटीचा आदेश, यांतलं जे असेल ते. घरात काहीच नसेल तर मंडळाच्या जुन्या वह्या, पेट्या उघडा. गाळ्यातली माणसं गावी जाताना पास आणि पावत्या चिटणिसाकडे ठेवून जात. वारसांच्या अर्जात नाव वहीतल्यासारखं "गणू", पटावर "गणपत" असा फरक नेहमी निघतो. त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

बावनखणी

वहीखाते, तळकोकणी, आभार. नायगावच्या मंडळाची नोंदणी आहे, बदल अर्ज मात्र एकही नाही. 1960च्या दशकातल्या भाड्याच्या वह्या चिटणिसांच्या घरी आहेत असं कळलंय. त्या आधी स्कॅन करायला सांगते.

वहीखाते

स्कॅन करा, पण मूळ वही कोणाच्याही हाती देऊ नका. पान क्रमांक घाला, बांधणी सोडवू नका. सुटी पानं पुरावा म्हणून दुबळी ठरतात.